वादळ कुणाकडे वळतं

‘निसर्ग’ चक्रीवादळ येऊन गेल्यावर पहिल्यांदा फोन लागला तो सड्यावरून, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावरून. खाली वाडीत वीज नव्हती, टॉवर बंद पडलेले, रस्ते झाडांनी अडवलेले. कुणीतरी सांगितलं की वर सड्यावर करवंदीच्या जाळीपाशी उभं राहिलं की मध्येच रेंजची एखादी दांडी येते. म्हणून आम्ही चार-पाच बायका रोज तिथे जायचो आणि फोन हातात धरून उभ्या राहायचो. त्या दिवशी वन्संचा फोन आला. दादरला असतात त्या. “अगं वहिनी, बरे आहात ना सगळे? किती वेळा लावला फोन!” आणि मग, एका दमात, “आम्ही फार घाबरलो होतो गं. पण बघ, आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी एकाच वेळी जप केला, आणि खरंच वळलं वादळ. मुंबईवर येणार होतं ना, बाजूनं गेलं.” त्यांच्या आवाजातला आनंद खरा होता. मी बोलत होते आणि खाली बघत होते. सड्यावरून आमचं आगर दिसतं. एरवी तिथून जमीन कधी दिसत नाही, नुसते माडांचे आणि पोफळींचे शेंडे. त्या दिवशी विहीर दिसली, विहिरीवरचा रहाट दिसला, गोठ्याचे उघडे वासे दिसले. पोफळी सगळ्या एकाच दिशेला डोकं करून आडव्या पडल्या होत्या. “वाचलात, बरं झालं,” मी म्हणाले, आणि तेही खरंच होतं.

बाजूनं गेलं, म्हणजे आमच्यावरून गेलं.

वन्संवर माझा राग नाही. त्या या घरातल्याच. याच आगरात पाटाच्या पाण्यात पाय बुडवून वाढलेल्या. रस्ता सुरू झाल्याबरोबर त्यांनी ताडपत्र्या पाठवल्या, पैसे पाठवले, बॅटऱ्या पाठवल्या. पण ते एक वाक्य माझ्या मनात अडकून बसलं. हवामान खात्यानं हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात, अलिबागच्या आसपास वादळ येईल असं सांगितलं होतं. म्हणजे एवढ्या लांब किनाऱ्यावरचं प्रत्येक घर त्या वेळी देव पाण्यात ठेवून बसलं होतं. आमच्या सासूबाईंनी तर अक्षरशः ठेवले होते. ताम्हनात पाणी घालून त्यात बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा ठेवली, शेजारी समई लावली आणि त्या समोर बसल्या. ३ जून २०२०, दुपार. आधी नुसता एक सलग आवाज होता, वरवंटा फिरत राहावा तसा. मग कौलं उडायला लागली, आधी एकेक, नंतर ओळीच्या ओळी. समई विझली, त्यांनी पुन्हा लावली. पुन्हा विझली. वारा खारट होता. समुद्र घरापासून चांगला लांब आहे, तरी ओठांवर मीठ जाणवत होतं आणि दोन दिवसांनी उरलीसुरली पानं करपून काळी पडली ती त्या मिठानंच. सासूबाईंच्या तोंडचं नाम एकदाही थांबलं नाही. पाठीमागचा फणस उन्मळून पडला तेव्हा जमीन हादरली, तेव्हाही नाही.

आता मला सांगा, त्यांचा जप आणि दादरचा जप यांत कमी-जास्त काय होतं? वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूनं जमिनीवर आलं आणि दापोली-मंडणगडापर्यंत सगळं झोडपून गेलं. चक्रीवादळ स्वतःच्या मर्जीनं जात नाही, ते भोवतालच्या, उंचावरच्या मोठ्या वाऱ्यांच्या ओघात वाहत जातं. त्या ओघाची दिशा माणसाच्या मनानं बदलते असं क्षणभर मानलं, तर पुढचा प्रश्न टाळता येत नाही. मुंबईची माणसं जास्त, म्हणून त्यांचं मागणं जड झालं? आमच्या वाडीत जेमतेम मूठभर घरं, तीही अर्धी कुलूपबंद, म्हणून आमचं हलकं पडलं? ज्याच्यापाशी माणसं जास्त त्याचं ऐकायचं आणि बाकीच्यांवर वादळ लोटायचं, असा देव मी कुठल्याच देवळात पाहिलेला नाही.

आणि तरीही मी प्रार्थना करणाऱ्यांच्या घरातली आहे. माहेर देवगड तालुक्यातलं. तिथे मागणं ही एकट्यानं डोळे मिटून करायची गोष्ट नाही. ती मोठ्यानं, चारचौघांत, उभ्यानं करायची गोष्ट आहे. जत्रेच्या रात्री नाहीतर घरात काही मंगलकार्य असलं की नारळ आणि पानाचा विडा ठेवून गावकरकाका गाऱ्हाणं घालायला उभे राहायचे. एरवी ते हळू बोलणारे, खांद्यावर पंचा टाकून काजूच्या बागेत फिरणारे. पण गाऱ्हाण्याला उभे राहिले की आवाज बेंबीच्या देठापासून यायचा. “बा देवा रवळनाथा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत, तेंची सेवा मान्य करून घे रे म्हाराजा!” आणि आम्ही सगळे, “होय म्हाराजा!” “काय चुकला-माकला आसात तर पदरात घे!” “होय म्हाराजा!” “कोण मुंबैक चाकरेक गेले आसत, कोण दर्यार गेले आसत, तेंका सुखरूप घराक हाड!” “होय म्हाराजा!” “काय इडापिडा आसात ती शिवेभायर घाल!” तेव्हा सगळ्यांत मोठा “होय म्हाराजा!” व्हायचा. धूपाचा वास, पेट्रोमॅक्सची सूं सूं, समोर पुरुषांच्या घामेजल्या पाठी, आणि त्या आरोळीनं छातीच्या पिंजऱ्यात उमटणारा हादरा. तो हादरा मला आजही हवासा वाटतो. मागितलेलं मिळालं की नाही हा हिशेब त्या वयात कधी केलाच नाही. आपलं नाव, आपली वाडी, आपला मुंबईचा काका, सगळे त्या आवाजात आले, एवढ्यानं पोट भरायचं.

देवाला कौल लावतानाही, म्हणजे कळी कुठल्या बाजूची पडते त्यावरून देवाचं उत्तर घेतानाही, मी कितीदा पुढे जाऊन उभी राहिले आहे. लहान मुलींना कुणी हटकत नसे. गुरव ओल्या पाषाणावर उजवी-डावीकडे फुलांच्या कळ्या चिकटवायचा आणि प्रश्न विचारायचा. मग सगळं देऊळ गप्प. मी त्या कळीकडे टक लावून बघायचे. काळ्या दगडावर पाण्याचा एक पातळ पापुद्रा, त्यात दिव्याची चमक, आणि कळीचा देठ त्या पाण्याला धरून. पाणी कडेनं सुकत जायचं, चमक आत आत सरकायची, कळी किंचित कलायची, थांबायची. कुणी श्वास सोडत नसे. मग एकदम सुटायची. उजवी पडली की सगळ्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं व्हायचं आणि म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी यायचं. समई उजव्या अंगाला होती, तिकडचं पाणी आधी सुकणार, हे मला पुढे विज्ञान शिकल्यावर सुचलं. पण आणखी एक गोष्ट त्याआधीच दिसली होती. बराच वेळ काहीच पडलं नाही की गुरव प्रश्न जरा बदलून विचारायचा, मानकरी आपसांत बोलायचे, कुणी जुना राहिलेला मान आठवून द्यायचा, भावाभावांतला अबोला निघायचा. कळी पडेपर्यंत गावाचं निम्मं भांडण मिटलेलं असायचं. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीखही पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते, आणि मग तेवढ्या एका तारखेसाठी लाखो माणसं गाड्या भरून मालवणकडे निघतात. कळीनं रस्ता भरतो, एसट्या वाढतात, बाजार उभा राहतो. हे सगळं जगात, डोळ्यांदेखत घडतं.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं माजघरात प्लँचेट करायचो. पाटावर खडूनं अक्षरं, मध्ये स्टीलची वाटी उपडी, तिघांची बोटं वाटीवर. वाटी सरकायची. आम्ही एकमेकांना विचारायचो, तू ढकलतोयस? आणि प्रत्येकजण देवाशपथ नाही म्हणायचा, आणि ती शपथ खोटी नसायची. मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञानं १८५३ मध्ये याच प्रकाराचा छडा लावला. तेव्हा लंडनमध्ये टेबलं फिरवण्याचं वेड लागलं होतं. त्यानं टेबलावर पुठ्ठ्यांचे थर मऊ डिंकासारख्या पदार्थानं चिकटवून ठेवले आणि वरून हात ठेवायला सांगितलं. टेबल आधी सरकलं असतं तर खालचा थर पुढे गेला असता. गेला तो वरचा, हातांजवळचा. मग त्यानं एक काटा बसवला, बोटांचा दाब आडवा पडू लागला की लगेच दाखवणारा. तो काटा लोकांच्या समोर ठेवल्याबरोबर टेबल फिरायचं थांबलं. बसलेल्यांपैकी कुणी लबाड नव्हतं. त्यांच्या इच्छेनंच टेबल हलत होतं, फक्त इच्छा आणि टेबल यांच्यामध्ये त्यांचीच बोटं होती, आणि त्यांना ती जाणवत नव्हती. मला यात काही कमीपणा वाटत नाही. आपल्याला न कळता आपली इच्छा आपल्या हातातून वाट काढते, ही केवढी मोठी गोष्ट आहे.

पण बोटं काढून घेतली तर? माणूस इथे, आणि ज्याच्यासाठी मागायचं तो लांब, असं असताना काही पोचतं का? हे मोजून बघण्याचा प्रयत्न माणसांनी मनापासून केलाय. १८७२ मध्ये फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज संशोधकानं एक साधी युक्ती काढली. इंग्लंडातल्या प्रत्येक चर्चमध्ये राजघराण्याच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना होते, मग ती माणसं जास्त जगतात का? त्यानं आकडे मांडले. राजघराण्यातल्यांचं सरासरी वय ६४ च्या आसपास निघालं, पाद्री, वकील, डॉक्टर यांच्याहूनही कमी. विमा कंपन्या प्रार्थनेला कुठल्याच हिशेबात धरत नाहीत, हेही त्यानं दाखवून दिलं. होडीचा विमा उतरवताना आमच्याकडेही इंजिन विचारतात, होडीची लांबी विचारतात. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला होता का, हे कुणी विचारत नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात तर १९७९ पासून २००७ पर्यंत एक प्रयोगशाळाच चालली. माणसानं यंत्रासमोर बसून मनात इच्छा धरायची आणि यंत्रातून निघणारे आकडे तिकडे झुकतात का, ते बघायचं. त्यांना अगदी बारीकसा कल दिसला असं त्यांचं म्हणणं. जर्मनीतल्या दोन प्रयोगशाळांना सोबत घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो कल टिकला नाही.

सगळ्यांत मोठा प्रयोग झाला तो २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला, हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १८०२ रुग्णांवर. आदल्या रात्रीपासून चौदा दिवस लांबच्या प्रार्थना मंडळांनी प्रार्थना केली. त्यांना रुग्णाचं फक्त पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर दिलं होतं. एका गटासाठी प्रार्थना झाली, एकासाठी झाली नाही, आणि दोघांनाही सांगितलं होतं की होईल किंवा होणार नाही. पुढे गुंतागुंत किती जणांना झाली? ५२ टक्के आणि ५१ टक्के. म्हणजे काहीच फरक नाही. पण तिसरा एक गट होता. त्यांना पक्कं सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना होणार आहे. त्यांच्यात हा आकडा ५९ निघाला.

हे वाचलं आणि मला बाबा आठवले.

बाबांची बायपास कोल्हापूरला झाली. ठरलं तेव्हा सगळं गाव धावलं. रवळनाथाला गाऱ्हाणं, आंगणेवाडीला नवस, माझ्या आत्यानं कुणकेश्वराला अभिषेक बोलला, मुंबईच्या काकांनी संकष्ट्या धरल्या. आईनं हे सगळं ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी बाबांना एकेक करून सांगितलं, त्यांना धीर यावा म्हणून. बाबा ऐकत राहिले. मग आई चहा आणायला खाली गेली तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाले, “एवढ्या लोकांनी नारळ ठेवल्यानी. म्हणजे माझा काय खरा नाय मगे.” आणि थोड्या वेळानं, “आता जगाक व्हया. नायतर तेंका काय वाटात?” त्यांचा हात मी धरला होता, तळवा थंड आणि ओला. ते पुढे बरे झाले, पण ऑपरेशननंतर ठोके अनियमित पडत होते आणि त्या रात्री फार लांबल्या. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. त्या ५९ टक्क्यांचं कारण काय, यावर डॉक्टरांनीही अंदाजच बांधले. एक अंदाज असा होता की आपल्यासाठी प्रार्थना मंडळ बोलवावं लागलं म्हणजे आपण किती आजारी असू, ही धास्ती. तो अंदाज मी वाचला तेव्हा मला बाबांचा तो तळवा हातात जाणवला. नवसाचं ओझं ज्याच्यासाठी तो बोललाय त्याच्या छातीवर बसतं. आपल्याकडे कितीतरी माणसं असं दुसऱ्यांच्या नवसांचं ओझं घेऊन जगतात, विशेषतः उशिरा झालेली मुलं.

आणि त्याच रात्री बाहेर कॉरिडॉरमध्ये आई जपमाळ घेऊन बसली होती. लोखंडी खुर्ची, फिनेलचा वास, ट्यूबलाइट मध्येच फडफडणारी. पहिल्यांदा तिचा श्वास वर लागला होता, शब्द तुटत होते. मणी ओढता ओढता तो खाली आला. ओठ हलत राहिले, खांदे उतरले, एका नामाला एक श्वास अशी लय लागली. मी शेजारी बसून ते बघत होते. पुढे वाचलं की इटलीतल्या डॉक्टरांनी २००१ मध्ये हेच मोजलं होतं. जपमाळेवरची ख्रिस्ती प्रार्थना आणि बौद्ध मंत्र, दोन्ही म्हणताना माणसाचा श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो आणि हृदयाचे, रक्तदाबाचे चढउतार त्या लयीशी जुळून येतात. शब्द कुठल्या देवाचे आहेत यानं फरक पडला नाही. त्याहून जुना, १९७८ चा एक प्रयोग आहे, दाढ काढलेल्या रुग्णांवरचा. औषध मिळालंय या नुसत्या भरवशावर काहींचं दुखणं कमी झालं, आणि मग शरीरातल्या नैसर्गिक वेदनाशामकांचा रस्ता अडवणारं औषध त्यांना दिल्यावर दुखणं पुन्हा वाढलं. म्हणजे भरवशानं शरीरात खरंच काहीतरी पाझरलं होतं. म्हणून “प्रार्थनेनं काही होत नाही” असं कुणी सरळ म्हणून टाकलं की मला ते पटत नाही. आईची छाती, तिचं रक्त, तिचे ठोके हेही या जगातलेच आहेत. तिथे प्रार्थना पोचते. काचेच्या दारापलीकडे बाबांपर्यंत ती पोचली असं मात्र मला म्हणता येत नाही, कितीही म्हणावंसं वाटलं तरी.

सासरी आल्यावर मी समुद्र जवळून बघितला. हर्णैच्या लिलावाला गेलात तर दिसेल, होड्यांच्या नाळेवर हार, केबिनमध्ये देवांचे फोटो, काहींवर चांद-तारा, खाली उदबत्तीची राख. खाडीत पाग टाकणारा माणूस मात्र सकाळी उठतो, पाण्याचा रंग बघतो, भरती-ओहोटी बघतो आणि सरळ पाण्यात उतरतो. मालिनोव्स्की नावाचा अभ्यासक पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रशांत महासागरातल्या ट्रोब्रिअँड बेटांवर राहिला होता, त्यानं हेच टिपून ठेवलंय. आतल्या शांत पाण्यातल्या मासेमारीला तिथे मंत्रतंत्र नाहीत. उघड्या समुद्रावर जायचं, जिथे धोका आहे आणि हाताला काय लागेल याचा नेम नाही, तिथे ते पावलोपावली. माणसाचं कौशल्य जिथे संपतं तिथून नारळ सुरू होतो. यात मला अडाणीपणा दिसत नाही. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा होडी लोटताना ज्या बाईचा नवरा तीवर चढतो, तिनं काठावर उभं राहून करायचं तरी काय? हात नुसते लोंबत ठेवायचे? नारळ सोडायला निदान दोन्ही हात लागतात.

पण याच किनाऱ्यावर मी दुसरंही ऐकलंय. ११ नोव्हेंबर २००९, ‘फयान’ चक्रीवादळ. कोकणातले कितीतरी मच्छीमार त्यात परत आले नाहीत. त्यांतल्या एकाची बायको आमच्याकडे सुपारी सोलायला यायची. अडकित्त्यासारखी बोटं चालायची तिची, बोलायची कमी. एका दुपारी तिनं सांगितलं की तेव्हा सगळ्याच घरांतल्या बायका देवीपुढे बसल्या होत्या. काहींचे आले. मग शेजारच्या एकीनं हिला समजावलं, मायेनंच, की ताई, तुझं कुठेतरी काही राहिलं असेल, मन थोडं कमी पडलं असेल. “तेव्हापासून मी आठवतेय, काय राहिलं,” ती म्हणाली. हातातली सुपारी सोलून पुढची घेतली. प्राचीन ग्रीसमधल्या डायागोरस या नास्तिकाची एक गोष्ट सिसेरो या रोमन लेखकानं सांगितली आहे. समुद्रातून सुखरूप परतलेल्यांनी देवळात लावलेली नवसाची चित्रं कुणीतरी त्याला दाखवली, बघ, देव आहे. त्यानं विचारलं, जे बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत? हा प्रश्न तर्काचा म्हणून सांगितला जातो. मला तो आता त्या बाईचा प्रश्न वाटतो. जत्रेत नवस फेडायला येतो तो ज्याचा फळला तो. ज्याचा फळला नाही तो घरी बसून आठवत असतो, काय राहिलं.

माझ्या मनात वन्संचं वाक्य का अडकलं, ते मला त्या दुपारी समजलं. आमच्या जपानं वादळ वळलं, असं म्हटलं की ज्यांच्यावर ते गेलं त्यांचा जप कमी पडला, हे न बोलताच बोललं जातं. एक म्हणून दुसरं नाकारता येत नाही. माणसाच्या मनाला वाऱ्यावर सत्ता दिली की बुडालेल्याच्या बायकोवर खटला उभा राहतो, आणि तिच्या बाजूनं बोलायला कुणीच नसतं. म्हणून माझ्या दृष्टीनं हे ताडून बघणं महत्त्वाचं आहे. नुसत्या जिज्ञासेसाठी नाही. १८०२ रुग्णांचा तो प्रयोग मी तिला सांगू शकले नाही, तेवढी हिंमत नव्हती आणि तिच्या उपयोगाचंही नव्हतं. एवढंच म्हणाले की काही राहिलं नव्हतं. तिनं मान हलवली. पटलं की नाही, ते कळलं नाही.

‘निसर्ग’च्या आदल्या संध्याकाळी आमच्या रस्त्यावरून एक रिक्षा फिरली होती, वर भोंगा बांधलेली. पुलाखालची, किनाऱ्याजवळची सगळी घरं रिकामी करा, शाळेत या, मास्क लावून या. करोनाचे दिवस, शाळेत कोंडून बसायची माणसांना भीती, तरी त्या पोरानं घसा बसेपर्यंत पुकारा केला, म्हाताऱ्यांना हाताला धरून रिक्षात बसवलं. त्यातली तीन घरं दुसऱ्या दिवशी जमीनदोस्त झाली आणि त्यात कुणी नव्हतं. त्याच्या मनात काय होतं, तो देवाचं नाव घेत होता का, मी विचारलं नाही. सासूबाई मात्र वादळ शमल्यावर पाण्यातून देव काढून पुसून देव्हाऱ्यात ठेवून लगेच उठल्या आणि चुलीवर मोठं पातेलं चढवलं. कुणाकुणाच्या चुली भिजल्यात ते त्यांना बरोबर माहीत होतं. पेजेला येणाऱ्यांत कुणीही त्यांना विचारलं नाही की तुमचे देव पावले का. आगर पुन्हा लावायला घेतलं तेव्हा पोफळीची रोपं ओळीनं त्यांनीच धरली. फळ धरायला पाच-सात वर्षं, आणि त्यांचं वय तेव्हा ऐंशीच्या घरात.

गेल्या गणपतीत माहेरी गेले होते. गावकरकाका आता थकलेत, पण आवाज तोच. गाऱ्हाणं झाल्यावर ते पडवीत पान लावत बसले होते, तेव्हा मी शेजारी जाऊन बसले आणि विचारलं, “काका, इडापिडा शिवेभायर घाल म्हणतास, मगे ती जाता खय? शेजारच्या गावात?” त्यांनी चुना लावायचा थांबवून माझ्याकडे बघितलं. चिडले नाहीत. विचार करून म्हणाले, “तेंचो देव तेंका बघता. देवाक हद्द आसता गो. शिवेभायर आमच्या देवाचा चलना नाय.” मी म्हटलं, “आणि दर्यार? थय कोणाची शीव?” फयानमधल्या त्या बाईचं त्यांना सांगितलं. निसर्गचं सांगितलं. ते बराच वेळ पान तसंच हातात धरून बसले. “दर्याक शीव नाय, ह्या खरा,” ते म्हणाले. “मगे तू काय म्हणतंस, काय घालूचा गाऱ्हाण्यात?” मी म्हटलं, “जे कोण दर्यार आसत तेंका हाड, खयच्याय बंदराचे आसांदेत. आणि जे येवक नाय, तेंच्या घरच्यांका कोणी दोष देव नको.” काका म्हणाले, पहिला घालतां येयत, दुसरा देवाक सांगूचा की गावाक, ता बघूक व्हया. मानकऱ्यांका विचारल्याशिवाय ते एकटे एक शब्द बदलू शकत नाहीत, आणि एक मानकरी पुण्याला असतो, तो जत्रेला येईल तेव्हाच बोलणं होईल. “जत्रेक येतलंस मां? तूच सांग तेका,” ते म्हणाले. खेड ते कणकवलीचं तिकीट काढून ठेवलंय.